जुन्या खेळाची नवी आवृत्ति : वार्ता आणि वदंता

वाशीम जिल्ह्यांत दोन लोहमार्गांविषयीं लोक अनेक वर्षें बोलत आले. पहिला पूर्णेहून निघून हिंगोली व वाशीम या गांवांवरून अकोल्यास जाणारा. हा एके काळीं मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्यें एक मीटर अंतर असलेला मार्ग होता. तो मोठ्या मापाचा होणार, लांब पल्ल्याच्या गाड्या वाशीमला थांबणार, ही बोलवा पुष्कळ दिवस स्थानकावर, बाजारांत आणि कचेरींत फिरत होती. अखेर २००८ सालीं तें रूपांतर पुरें झालें आणि बोलवा खरी ठरली. दुसरा मार्ग मूर्तिजापूरहून निघून कारंजावरून यवतमाळला जाणारा, वऱ्हाडांत 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखला गेलेला, अवघ्या ७६२ मिलिमीटर मापाचा. तोहि रुंद होणार, असें वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिलें. परंतु तेथें झालें असें कीं, छोटी गाडी बंद पडली आणि मोठी गाडी कांहीं आली नाहीं.

एकाच जिल्ह्यांतील या दोन वदंता. दोन्ही सारख्याच भरंवशानें सांगितल्या जात आणि दोहोंनाहि आंतल्या गोटांतील बातमी म्हणून सांगणारे भेटत. एक फळास आली. दुसरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांच्या हातीं मात्र जुनेंहि उरलें नाहीं. आजच्या भाषणाचा विषय लोहमार्ग हा नाहीं. तो आहे मुलांचे, आणि आतां थोरांचेहि, व्हिडिओ खेळ. तथापि या खेळांच्या जगांत एका विशिष्ट प्रकारची वदंता वारंवार उठते आणि तिचें स्वरूप या दोन लोहमार्गांच्या कथेवरून जितकें चांगलें समजतें तितकें दुसऱ्या कशावरून समजणार नाहीं.

ती वदंता अशी : अमुक एक जुना, लोकप्रिय खेळ सुधारून, अधिक देखणा करून, नव्या पिढीच्या कन्सोलसाठीं पुन्हां प्रसिद्ध होणार आहे. ज्या घरीं कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्या घरीं यावरून एक संवाद हमखास घडतो. वडील म्हणतात, "हा खेळ तुझ्याजवळ आहेच ना? मग पुन्हां कशाला?" मुलगा म्हणतो, "बाबा, याची सुधारलेली आवृत्ति नव्या यंत्रावर येणार आहे. सगळीकडे तेंच चाललें आहे." "सगळीकडे म्हणजे कोठें? कंपनीनें तसें जाहीर केलें आहे का?" या प्रश्नावर मुलगा घुटमळतो. कंपनीनें कांहींच जाहीर केलेलें नसतें. कोणीतरी कोणाकडून ऐकलेलें असतें आणि तेवढ्यावर जुना खेळ विकून टाकण्याचा व नवें यंत्र आणण्याचा बेत घरांत शिजूं लागतो.

हा बेत क्षुल्लक पैशांचा नव्हे. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारतांत विक्रीस आलें, त्या वेळीं त्याची किंमत ४९,९९० रुपये होती; तबकडी घालण्याचा खण नसलेला प्रकार ३९,९९० रुपयांस मिळत होता. त्यावरील मोठ्या खेळांच्या किंमती एकेकी पांच हजार रुपयांच्या घरांत होत्या. मध्यमवर्गीय कुटुंबाचा महिन्याचा खर्च ज्या रकमेंत भागतो ती रक्कम केवळ ऐकीव गोष्टीवर गुंतवावी कीं नाहीं, हा प्रश्न बापलेकांच्या हुज्जतीवर सोडून देण्याजोगा नाहीं. त्याचा उलगडा होण्यास प्रथम हीं यंत्रें काय आहेत, जुना खेळ नव्या यंत्रावर आपोआप कां चालत नाहीं आणि 'सुधारलेली आवृत्ति' या शब्दांत किती निरनिराळे अर्थ दडलेले आहेत, हें समजून घेतलें पाहिजे.

कन्सोल म्हणजे केवळ खेळांसाठीं बनविलेला संगणक. घरोघरच्या साध्या संगणकाची घडण निरनिराळी असते. कन्सोलचें तसें नाहीं. एका प्रकारचीं सर्व यंत्रें एकसारखीं असतात, आणि म्हणूनच खेळ रचणाऱ्याला आपला खेळ कोणत्या बळाच्या यंत्रावर चालणार आहे हें अगोदर नेमकें ठाऊक असतें. तो त्या यंत्राची शेवटची ताकद देखील वापरून घेतो. हीं यंत्रें सहासात वर्षांनीं पिढी बदलतात. सोनीचें पहिलें प्लेस्टेशन १९९४ सालीं आलें, दुसरें २००० सालीं, तिसरें २००६ सालीं, चौथें २०१३ सालीं आणि पांचवें २०२० सालीं. प्रत्येक पिढीबरोबर जुन्या खेळांचें काय होणार, हा प्रश्न उभा राहतो.

येथें लोहमार्गाचा दाखला पुन्हां उपयोगीं पडतो. खेळ म्हणजे यंत्रानें पाळावयाच्या आज्ञांची एक लांबलचक मालिका, आणि तिच्या जोडीला चित्रें व ध्वनि. या आज्ञा ज्या प्रोसेसरसाठीं लिहिल्या त्यालाच त्या कळतात. तिसऱ्या प्लेस्टेशनमधील 'सेल' नांवाचा प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनीं मिळून घडविला होता. त्यांत एक मुख्य विभाग आणि त्याच्या हाताखालीं राबणारे अनेक छोटे विभाग अशी विलक्षण रचना होती. चौथ्या प्लेस्टेशनमध्यें ती रचना सोडून साध्या संगणकांत असतो त्या कुळांतील एएमडी कंपनीचा प्रोसेसर बसविण्यांत आला. परिणाम असा झाला कीं, तिसऱ्या यंत्राची तबकडी चौथ्यांत घातली तर ती चालेना. मीटर गेजचा डबा मोठ्या मापाच्या रुळांवर ठेवण्यासारखाच तो प्रकार होता. डबा उत्तम असेल, पण चाकें रुळांवर बसत नाहींत. जुना खेळ नव्या यंत्रावर आणावयाचा तर त्याचीं चाकें बदलणें, म्हणजे त्याच्या आज्ञा पुष्कळ अंशीं नव्यानें लिहिणें, भाग होतें.

चौथ्याकडून पांचव्याकडे जातांना मात्र माप बदललें नाहीं. पांचव्यांतील प्रोसेसर त्याच कुळांतला, परंतु पुष्कळ अधिक बलवान् आहे. म्हणून चौथ्यासाठीं रचलेले बहुतेक सर्व खेळ पांचव्यावर जसेच्या तसे चालतात. रूळ तेच, एंजिन मात्र नवें. ही गोष्ट अनेकांच्या ध्यानांत राहत नाहीं. आपला जुना खेळ नव्या यंत्रावर चालावा यासाठीं सुधारलेली आवृत्ति निघालीच पाहिजे असें त्यांना वाटतें, आणि त्या समजुतीवरच वदंतेचें पीक फोफावतें.

मग सुधारणा ती कसली? पडद्यावरील हलतें चित्र हें वास्तविक एकामागून एक झपाट्यानें दाखविलेल्या स्थिर चित्रांचें बनलेलें असतें. चित्रपटांत दर सेकंदास २४ चित्रें दाखवितात. खेळांत बहुधा ३० किंवा ६०. चित्रपटाचीं चित्रें अगोदरच तयार असतात. खेळांतलीं चित्रें खेळणाऱ्यानें बटण दाबल्यावर त्या क्षणीं काढावीं लागतात. सेकंदास ३० चित्रें काढावयाचीं तर एका चित्रास यंत्राला सुमारें ३३ मिलिसेकंद मिळतात; ६० काढावयाचीं तर जेमतेम १७. शिवाय चित्राचा बारकावा आहेच. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एका चित्रांत २०,७३,६०० बिंदु रंगवावे लागतात. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. बिंदु चौपट आणि चित्रें दुप्पट केलीं कीं यंत्राचें काम आठपट होतें. नवें यंत्र हें काम पेलतें, म्हणून तोच खेळ त्यावर अधिक रेखीव आणि अधिक सफाईदार दिसूं शकतो.

पण यंत्राच्या बळाला एक मर्यादा आहे. मूळ चित्रकारानें भिंतीवरची वीट लहान पडद्याच्या मापानें रंगविली असेल, तर बलवान् यंत्र ती मोठी करून दाखवील. तिच्यांत नसलेला बारकावा कोठून आणणार? लहान छायाचित्र मोठें करून चौकटींत बसविलें कीं चेहरा पुसट दिसतो, तसेंच हें होय. तेथें पुन्हां माणसाचा हात लागतो. त्या हातानें किती काम केलें यावर सुधारलेल्या आवृत्तीचे तीन वर्ग पडतात.

ग्रंथांच्या व्यवहारांत हे तिन्ही वर्ग परिचित आहेत. पहिला पुनर्मुद्रणाचा : मजकूर तोच, कागद व छपाई चांगली. खेळांत याचा अर्थ असा कीं, निर्माते थोडी दुरुस्ती पाठवितात आणि जुना खेळ नव्या यंत्राच्या वेगाचा फायदा घेऊं लागतो. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा खेळ जुलै २०२० मध्यें चौथ्या प्लेस्टेशनसाठीं आला. त्याच वर्षीं पांचवें यंत्र निघतांच एका दुरुस्तीमुळें तो त्यावर सेकंदास ६० चित्रांपर्यंत चालूं लागला, आणि त्यासाठीं कोणालाहि पैसे पडले नाहींत. दुसरा वर्ग संशोधित आवृत्तीचा : मूळ ग्रंथ तोच, परंतु चित्रें नवीं, चुका सुधारलेल्या, क्वचित् एखादें प्रकरण वाढविलेलें. यास इंग्रजीवरून 'रीमास्टर' हें नांव रूढ झालें आहे. तिसरा वर्ग त्याच कथेवर अथपासून इतिपर्यंत नव्यानें लिहिलेल्या ग्रंथाचा, म्हणजे 'रीमेक'चा. १९९८ सालचा 'रेसिडेंट ईव्हिल २' हा खेळ २०१९ सालीं अशा रीतीनें संपूर्ण नवा रचला गेला. 'द लास्ट ऑफ अस' या एकाच खेळानें तर दोन्ही अवस्था भोगल्या : १४ जून २०१३ रोजीं तिसऱ्या प्लेस्टेशनवर मूळ खेळ, २९ जुलै २०१४ रोजीं चौथ्यावर रीमास्टर आणि २ सप्टेंबर २०२२ रोजीं पांचव्यावर नव्यानें घडविलेली आवृत्ति. नऊ वर्षांत एकच कथा तीन वेळां विकली गेली.

वदंतेंतील मोठी खोच येथेंच आहे. ती 'येणार' एवढेंच सांगते. तिन्हींपैकीं कोणती, हें सांगत नाहीं. पुनर्मुद्रण बहुधा फुकट किंवा स्वस्त मिळतें आणि तिसऱ्या वर्गाच्या आवृत्तीस पूर्ण किंमत मोजावी लागते. ऐकणारा मात्र मनांतल्या मनांत सर्वांत उत्तम प्रकार धरून बसतो.

कंपन्या हें कां करतात, हें गूढ नाहीं. मोठा नवा खेळ रचण्यास शेंकडों माणसांचीं अनेक वर्षें लागतात. नवें यंत्र बाजारांत येतें तेव्हां त्याच्यासाठीं नवे खेळ थोडे असतात. अशा वेळीं ज्याचें नांव लोकांच्या तोंडीं आहे असा जुना खेळ पुढें करणें हें कमी जोखमीचें काम ठरतें. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा खेळ सप्टेंबर २०१३ मध्यें एका पिढीवर, नोव्हेंबर २०१४ मध्यें दुसरीवर आणि मार्च २०२२ मध्यें तिसरीवर आला, आणि २०२४ पर्यंत त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. असा लाभ डोळ्यांसमोर असतां प्रत्येक नांवाजलेल्या खेळाच्या पुनरागमनाची वदंता उठावी, यांत नवल तें काय?

आतां या वदंतांची उत्पत्ति पाहूं. सगळ्याच हवेंतून येत नाहींत. अनेक देशांत खेळ विक्रीपूर्वीं वयोमानाच्या दाखल्यासाठीं मंडळाकडे पाठवावा लागतो. मंडळाच्या यादींत नांव प्रसिद्ध झालें कीं, कंपनीनें तोंड उघडण्यापूर्वींच बातमी फुटते. हा पुरावा बराच भक्कम होय, कारण दाखला मागणारी कंपनी खेळ जवळजवळ तयार करून बसलेली असते. दुसरा उगम न्यायालयाच्या कागदपत्रांचा. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एका मोठ्या खरेदीविरुद्ध अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानें दावा लावला होता. त्या दाव्यांतील कांहीं अंतर्गत कागद सप्टेंबर २०२३ मध्यें चुकून उघडे पडले. त्यांत २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन' या खेळाच्या रीमास्टरची नोंद होती, आणि तिजसमोर २०२२ हें आर्थिक वर्ष घातलेलें होतें. ती आवृत्ति खरोखरीच निघाली, परंतु २२ एप्रिल २०२५ रोजीं. कागद अस्सल, कागदावरील बेत खरा, तरी काळ कित्येक वर्षांनीं चुकला. तेव्हां अस्सल कागदावरूनहि 'केव्हां' या प्रश्नाचें उत्तर खात्रीनें मिळत नाहीं.

तिसरा उगम केवळ इच्छेचा. 'ब्लडबॉर्न' हा खेळ मार्च २०१५ मध्यें चौथ्या प्लेस्टेशनवर आला. तो सेकंदास ३० चित्रांवर बांधलेला असून त्याचे चाहते ६० चित्रांसाठीं आसुसलेले आहेत. त्याची सुधारलेली आवृत्ति येणार ही वदंता जवळजवळ दरवर्षीं उठत आली. डिसेंबर २०२४ मध्यें प्लेस्टेशनच्या तीस वर्षांच्या उत्सवानिमित्त सोनीनें जी चित्रफीत प्रसिद्ध केली तिच्या अखेरीस या खेळाचें दृश्य दिसलें. तेवढ्यावर पुन्हां आशेला पालवी फुटली. दहा वर्षें पुरीं झालीं तरी आवृत्ति आली नव्हती. येथें साक्षीदार कोणीच नव्हता; होती ती केवळ उत्कंठा, आणि उत्कंठा हीच साक्ष म्हणून उभी केली गेली.

वदंता खरी ठरली म्हणजे सगळें बरें झालें, असेंहि नाहीं. याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण भारतांतल्या गांवोगांवच्या मुलांना जवळचें आहे. 'व्हाइस सिटी' हा खेळ प्रथम २००२ सालीं दुसऱ्या प्लेस्टेशनवर आणि २००३ सालीं साध्या संगणकावर आला. आपल्याकडे कन्सोल विरळा, परंतु सायबर कॅफे गल्लोगल्लीं. त्यामुळें जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या गांवीं तासावर पैसे भरून हा खेळ खेळत एक पिढी वाढली. जे आज पस्तिशीला आले आहेत त्यांच्या शाळकरी दिवसांच्या आठवणी त्याच्याशीं निगडित आहेत. ऑगस्ट २०२१ मध्यें 'कोटाकू' या खेळविषयक वृत्तसंस्थेनें सांगितलें कीं, हा खेळ आणि त्याच मालिकेंतील आणखी दोन खेळ नव्या रूपांत येणार. पुढें दक्षिण कोरियाच्या दाखला देणाऱ्या मंडळाच्या यादींतहि नांव आलें. ८ ऑक्टोबर २०२१ रोजीं रॉकस्टार कंपनीनें स्वतः घोषणा केली आणि ११ नोव्हेंबर रोजीं खेळ विक्रीस आले. वदंता अक्षरशः खरी ठरली.

परंतु हातीं काय आलें? पाऊस पडूं लागला कीं पांढऱ्या रेघांच्या जाळ्यांतून समोरचें दिसेना. पात्रांचे चेहरे विद्रूप झाले. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरें चुकलीं. मूळ खेळांत दूरवर धुकें पसरलेलें असे. जुन्या यंत्राला सगळें शहर एकदम रंगविणें झेपत नसल्यामुळें रचनाकारांनीं योजलेली ती युक्ति होती. नव्या यंत्राला धुक्याची गरज नाहीं म्हणून तें काढून टाकलें, आणि अफाट वाटणारा मुलूख एकाएकीं चिमुकला दिसूं लागला. उणीव झांकण्यासाठीं केलेली योजना हीच त्या खेळाची शोभा होऊन बसली होती, हें सुधारणा करणारांच्या ध्यानांत आलें नाहीं. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, नवी आवृत्ति येण्यापूर्वींच कंपनीनें जुन्या आवृत्त्या आपल्या विक्रीच्या यादींतून काढून टाकल्या होत्या. लोकांनीं ओरड केल्यावर १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं कंपनीनें क्षमा मागितली आणि संगणकासाठींच्या जुन्या आवृत्त्या पुन्हां उपलब्ध करून देण्याचें कबूल केलें. पुढें दुरुस्त्या होत गेल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें, तीन वर्षांनीं, जुन्या धर्तीचा प्रकाश व धुकें परत आलें. ज्यांनीं आपल्या जुन्या तबकड्या जपून ठेविल्या होत्या त्यांना या तीन वर्षांत कसलीच उणीव भासली नाहीं.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रांतच, पुण्यास घडलें. तेथें २०१७ सालीं स्थापन झालेल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेनें 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ रचला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी नांवाची मुलगी, असुरांनीं पळविलेला तिचा भाऊ गोलू आणि तिच्या पाठीशीं उभी राहिलेली दुर्गा, अशी त्याची कथा. राजस्थानांतील वाड्यांची घडण, पहाडी चित्रकलेचे रंग आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांचा त्यांत मेळ घातलेला आहे. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला. संस्थापकांपैकीं श्रुति घोष यांनीं आपली सदनिका विकून काम चालू ठेवल्याचें वृत्त प्रसिद्ध आहे. १८ ऑगस्ट २०२० रोजीं हा खेळ निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजीं इतर यंत्रांवर आला. त्या वर्षींच्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादींत त्याची निवड झाली. तथापि त्यांतील लढाईचा भाग सफाईदार नाहीं, अशी टीका झाली. संस्थेनें ती ऐकून घेतली आणि २०२२ सालीं त्याच खेळाची सुधारलेली आवृत्ति काढली. तींत लढाईची रचना सुधारली आणि पात्रांच्या मुखीं हिंदी भाषा घातली. जी मुलगी भारतीय, जिचा देव भारतीय, ती प्रथम केवळ इंग्रजी बोलत होती. सुधारलेल्या आवृत्तींत ती आपल्या भूमीवरची भाषा बोलूं लागली. येथें सुधारणा कशाची व कां, हें निर्मात्यांनीं आपल्या नांवानिशीं सांगितलें. चांगल्या पुनरावृत्तीचें लक्षण हेंच : तिच्यामागें बाजाराच्या संधीपलीकडचें कांहीं कारण असतें.

या साऱ्यावरून सुजाण कुटुंबानें काय घ्यावें? आपल्या न्यायशास्त्रांत आप्तवाक्य हें प्रमाण मानलें आहे. आप्त म्हणजे ज्याला वस्तूचें यथार्थ ज्ञान आहे आणि जो तें जसेंच्या तसें सांगतो तो. वदंता कानीं आली कीं प्रथम विचारावें, सांगणारा आप्त आहे काय? खुद्द कंपनीची घोषणा ही पहिल्या प्रतीची साक्ष; दाखला देणाऱ्या मंडळाची नोंद दुसऱ्या प्रतीची; पूर्वीं ज्याचीं भाकितें पडताळून खरीं ठरलीं आहेत अशा वृत्तलेखकाचें सांगणें तिसऱ्या प्रतीचें; आणि 'सगळे म्हणतात' ही कोणत्याच प्रतीची साक्ष नव्हे. नंतर विचारावें, येणार ती आवृत्ति तीन वर्गांपैकीं कोणत्या वर्गाची? आणि शेवटीं, ज्याच्याजवळ जुना खेळ आहे त्याला नवी आवृत्ति कोणत्या भावांत?

हा शेवटचा प्रश्न कंपनीला तोंडावर विचारावा लागतो. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' या खेळाविषयीं सोनीनें प्रथम सांगितलें होतें कीं, चौथ्या प्लेस्टेशनसाठीं तो घेणारास पांचव्यासाठींची आवृत्ति फुकट मिळेल. सप्टेंबर २०२१ मध्यें आगाऊ नोंदणी सुरू होतांच निराळेंच निघालें : साध्या प्रतीला ती सवलत नव्हती. ग्राहकांनीं बोभाटा केला आणि दोन दिवसांत कंपनीनें मूळ वचन पाळण्याचें मान्य केलें. मात्र आपल्या पुढील अशा खेळांच्या बदलासाठीं दहा डॉलर पडतील असेंहि त्याच वेळीं जाहीर केलें. घोषणा झालेल्या गोष्टीचीहि ही तऱ्हा, तर घोषणा न झालेल्या गोष्टीवर कोणी किती विसंबावें?

व्यवहाराच्या दोन गोष्टी आणखी. ज्या घरीं चौथ्या प्लेस्टेशनच्या तबकड्या आहेत त्यांनीं नवें यंत्र घेतांना तबकडीचा खण असलेलेंच घ्यावें, किंवा खण मागाहून जोडतां येईल असें घ्यावें. नाहीं तर थोड्या बचतीसाठीं सारा जुना संग्रह मुका होतो. आणि नवी आवृत्ति घरांत येऊन, खेळून, पसंत पडेपर्यंत जुनी प्रत आणि जुनें यंत्र मोडींत काढूं नये. विकल्यानें येणारे चार पैसे नवी आवृत्ति फसल्यावर होणाऱ्या हळहळीची भरपाई करीत नाहींत.

वदंता ऐकण्यांत गैर कांहींच नाहीं. स्थानकाच्या बाकावर बसून उद्यांच्या गाडीविषयीं बोलण्यांत माणसांना नेहमींच सुख वाटत आलें आहे, आणि आवडत्या खेळाच्या नव्या रूपाचीं स्वप्नें पाहण्यांत तरुणांना तेंच सुख मिळतें. तें त्यांना मिळूं द्यावें. वाशीमकरांनीं मोठ्या गाडीची बोलवा वर्षानुवर्षें ऐकली. परंतु ती कितीहि वेळां ऐकली तरी तिकिटासाठीं पैसे त्यांनीं खिडकी उघडल्यावरच पुढें केले. घरोघरच्या मुलांना एवढा एक नियम शिकवितां आला तर बापलेकांची पुष्कळशी हुज्जत मिटेल. आणि जुनी तबकडी? ती कपाटांत एखाद्या कोपऱ्यांत असूं द्यावी. शकुंतलेची वाट पाहणाऱ्या कारंजेकरांना विचारलें, तर तेहि हेंच सांगतील.